उन्हाचा आडोसा

सिंधूच्या हाडांच्या दुखण्यावर डॉक्टरांनी एकच सांगितलं होतं, रोज सकाळी उघड्या पाठीवर ऊन घ्या. अकोल्यात उन्हाला काय तोटा! पण जठारपेठेतल्या त्यांच्या गच्चीवर साऱ्या आळीच्या खिडक्या उघडत. म्हणून तिच्या नवऱ्यानं, चिंतामण वकिलानं, नाताळच्या सुट्टीत स्वतः एक आडोसा बनवला. चार बांबूंना शिवलेलं मांजरपाटाचं कापड, वर मोकळं आभाळ. आडव्या काठ्या कड्यांत अडकवल्या की उभा राहायचा, गुंडाळला की दाराआड मावायचा.

चिंतामणच्या आईनं तो दोनदा नापास केला. आधी कापड पातळ, मग उंची कमी. शेवटी ती म्हणाली, "आज मीच आत बसते. तुमी दोघं शेजारच्या माडीवरून पाहा, काही दिसते का."

दोघांनी माडीवरून वाकून वाकून पाहिलं. आई कुठूनच दिसत नव्हती. दिसत होतं ते तिचं लाल आलवण, काढून बांबूवर टाकलेलं. वडील गेले, आईचं केशवपन झालं, तेव्हापासून ते तिच्या डोक्यावरून ढळलेलं चिंतामणनं कधी पाहिलं नव्हतं.

"आई, काही दिसत..." तो ओरडायला लागला, तोच सिंधूनं त्याचा हात दाबला आणि स्वतःच हाक दिली, "सासूबाई, आमचं अजून पाहून झालं नाही. बसा तशाच!"

"पाहा बाई सावकाश," आतून सुस्तावलेला आवाज आला. "मले काही घाई नाही."