दुसरा रिमोट

हॉलमध्ये जमलेल्या एकूण एक जणानं हेच सांगितलं, लहानपणी ‘भुयारगड’ हा गेम आपण एकट्यानं संपवला. मंजुनाथनं तर छाती फुगवून सांगितलं. शेजारी त्याची धाकटी बहीण महेश्वरी बसली होती. इथल्याच शुक्रवार पेठेतला आपला दातांचा दवाखाना अर्धा दिवस बंद ठेवून ती आली होती. तिनं एकदा भावाकडं पाहिलं.

त्या जुन्या टीव्ही गेमचा नवा अवतार काढणारा ऋतुराज पुण्याहून आला होता. तुमच्यासारख्या जुन्या खेळाडूंना विचारूनच सगळं केलंय, म्हणाला. पहिल्या रिमोटवरचा किल्लेदार आता पुरुष घ्या नाहीतर बाई. त्याला उजेड दाखवणारी मशालवाली मात्र कॉम्प्युटरच चालवणार, दुसरा रिमोट काढून टाकलाय. पोरं खूश. पोरं कसली, चाळिशीला टेकलेले बाप्ये सगळे!

“मशालवाली मी होते,” महेश्वरी म्हणाली.

ऋतुराज हसला. मॅडम, आता तुम्ही स्वतःच किल्लेदार व्हा की, बायकांचा विचार करूनच ती सोय ठेवलीय, असं त्यानं गोडीनं समजावलं.

“मला नको तुमची तलवार. माझी मशाल माझ्या हातात द्या.”

चारचौघांत कशाला, म्हणून मंजुनाथनं तिला कोपरानं ढोसलं. पण बाई हटेल तर शपथ. तिनं पिशवीतून घरचा जुना गेम काढला, हॉलमधल्या टीव्हीला जोडला आणि पहिला रिमोट भावाच्या हातात दिला. दुसरा, चिकटपट्टी लावलेला, स्वतः घेतला.

मंजुनाथ रंगात आला. दरवाजे फोडले, पहारेकरी लोळवले. मागून टाळ्या पडायला लागल्या. भुयाराच्या तोंडाशी महेश्वरीनं बटणावरचं बोट उचललं. मशाल जागीच थांबली. किल्लेदार एकटाच अंधारात शिरला आणि खड्ड्यात पडला. पुन्हा शिरला, पुन्हा पडला.

“मही, उजेड धर की गं,” मंजुनाथ सवयीनं बोलून गेला.

टाळ्या थांबल्या. महेश्वरीला राग आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं.

“एकट्यानं संपवला होतास ना अण्णा? जा की पुढं.”

मंजुनाथनं रिमोट मांडीवर ठेवला आणि ऋतुराजला सांगितलं, एकट्यानं नाही, ही होती.

“आता ह्या सगळ्यांना परत विचारा,” महेश्वरी ऋतुराजला म्हणाली. “तेव्हा शेजारी कोण बसायचं?”

ऋतुराजनं विचारलं. जो तो मान खाली घालून बसला. मग मागच्या रांगेतल्या ईरप्पानं खिशातून फोन काढला आणि गावी दुधनीला धाकट्या भावाला लावला.

“काही नाही रे,” तो म्हणाला, “तुला भुयारगड आठवतो का?”