रकाना नसलेलं उत्तर

"बाई, हिच्या तक्त्यात आमचं उत्तरच नाही."

तक्रार घेऊन आला होता तो वर्गातला 'वकील'. सात वर्षांचा जीव, पण रबर हरवलं तरी दाद मागायला यायचा. त्याच्या मागे चारपाच जण, आणि सगळ्यांच्या मागे मुंगी. खरं नाव वेगळं होतं, पण एवढीशी चण आणि पावलांचा आवाजसुद्धा नाही, म्हणून सगळे तिला मुंगीच म्हणत.

बाई आज दुसरीच्या मुलांना माहिती गोळा करायला शिकवत होत्या. आपल्याला पडलेला एक प्रश्न निवडायचा. त्याची काय काय उत्तरं येतील ते ठरवून रकाने आखायचे. मग वर्गभर फिरून विचारायचं आणि ज्याचं जे उत्तर, त्या रकान्यात एक चौकोन रंगवायचा. वर्गाचा नुसता बाजार झाला होता. कुणी पडलेले दात विचारत होतं, कुणी आवडती फळं. वकिलाने 'घरात सगळ्यात जास्त कोण घोरतं' हे विचारून आजोबांचा रकाना पार कागदाबाहेर नेला होता.

बाईंचं मात्र कशातच लक्ष नव्हतं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, सकाळपासून डोकं ठणकत होतं.

"उत्तर नसेल तर नवा रकाना काढा," त्या म्हणाल्या. "त्यात भांडण कसलं?"

"मी तेच म्हणतोय. पण ही म्हणते, असं नसतंच. आम्ही खोटं बोलतोय म्हणते."

बाईंनी मुंगीच्या हातातून कागद घेतला. पट्टी धरून नीट आखलेले चार रकाने. पलंगाखाली. कपाटामागे. बाथरूममध्ये. गच्चीवर. पहिल्या रकान्यात एकच निळा चौकोन, तो तिचा स्वतःचा. बाकी सगळे कोरे. आणि वर प्रश्न: बाबा चिडले की तू कुठे लपतोस?

"आम्ही लपतच नाही," वकील म्हणाला. "माझे बाबा चिडले की जेवायला येत नाहीत. मग आई आणि मी हसतो."

"कुणीच नाही लपत, बाई," मागून एकीने दुजोरा दिला.

मुंगी कोड्यात पडल्यासारखी एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. सगळा वर्ग पालथा घालून झाला होता. तिने बाईंकडे मान वर केली.

"मोठी माणसं विचारायची राहिली. बाई, तुम्ही कुठे लपता?"

मुलं फिदीफिदी हसली. 'मोठी माणसं कुठे लपतात का, बाळा' एवढं म्हटलं की विषय मिटला असता. शब्द जिभेवर आलेही होते. पण मुंगी खडू हातात धरून उत्तराची वाट बघत होती, आणि त्या डोळ्यांपुढे बाईंना खोटं बोलवेना.

त्यांनी शेजारच्या वर्गातल्या सरांना मुलांकडे बघायला सांगितलं आणि मुंगीचा हात धरून तडक मुख्याध्यापिकांची खोली गाठली.

मुख्याध्यापिकांनी तक्ता वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मग मुंगीला जवळच्या खुर्चीवर बसवून त्या हलक्या आवाजात तिच्याशी बोलल्या. आईला लागतं का, आई कुठे लपते, घरी आणखी कोण असतं. मुंगीने एकेका शब्दात सगळं सांगितलं.

"हिला आज त्या घरी पाठवायचं नाही," मुख्याध्यापिका फोन उचलत बाईंना म्हणाल्या. "आईला इथेच बोलावून घेते. ओळखीच्या एक ताई आहेत, अशा बायकांना आसरा देतात. आज रात्रीपासून दोघींची सोय करायला सांगते."

बाई दाराची कडी घट्ट धरून उभ्या होत्या.

"तिघींची सांगा," त्या म्हणाल्या.