रोज हलणारी हद्द

रेवती मडावी दवाखान्यातली नर्सची नोकरी सोडून विधानसभेला उभी राहिली होती. प्रचाराच्या सहाव्या दिवशी फोनवर नवी मतदारयादी आली. मतदारसंघाची हद्द आता रोज पहाटे सरकारचं यंत्रच आखायचं. आज गोमाजी कोवेंचं घर शेजारच्या मतदारसंघात गेलं होतं. कालच त्यांनी रेवतीला मत द्यायचा शब्द दिला होता. त्याआधी शब्द दिलेली चाळीस घरंही अशीच गेली होती.

रेवती काय ते समजली. फोन घरी ठेवून ती गल्लोगल्ली फिरली आणि प्रत्येकाच्या कानात सांगत राहिली, “मला मत द्यायचं असेल, तर देणार नाही असं मोठ्यानं बोला. फोनमधून यंत्र ऐकतंय.”

दुसऱ्या दिवसापासून लोक तिला शिव्या घालू लागले. गल्लीतल्या पारूमावशींनी तर तोंडावर दार लावलं. यादीतलं एकही घर हललं नाही. रेवती आधी खूश झाली, मग घाबरली. खरं कोण बोलतंय, तेच तिला कळेना.

मतदानाच्या आदल्या दिवशी जेवताना तिचा नवरा माधव फोनकडे तोंड करून म्हणाला, “माझं मत तुला नाही हं, रेवती.”

तो हसेल म्हणून ती त्याच्याकडे बघत राहिली. तो मान खाली घालून जेवत होता.