उशिराचं आमेन

नीतिशास्त्राच्या तासाआधी सगळा वर्ग उभा राहून प्रार्थना म्हणायचा. त्या विद्यापीठाची ती जुनी पद्धत. शेवटचं ‘आमेन’ एका सुरात व्हायचं, मग बाकं करकरायची.

या सत्रात मात्र सगळे बसल्यावर आणखी एक ‘आमेन’ यायचं. अडखळत, तुटत. पहिल्या दिवशी ते अगदी मागच्या, रिकाम्या बाकावरून आलं.

हा तास घेणाऱ्या फादरांनी आवाज लगेच ओळखला. गेल्या वर्षी त्या बाकावर एक तोतरा मुलगा बसायचा. त्याचं ‘आमेन’ नेहमी मागे राहायचं. "अरे बाबा, तुझं पोचेपर्यंत स्वर्गाचं दार लागेल!" फादर एकदा म्हणाले होते. वर्ग पोट धरून हसला होता. मुलगा पुन्हा तासाला आलाच नाही. थोड्याच दिवसांनी त्याच्या अंत्यविधीची प्रार्थनाही फादरांनीच म्हटली, मान वर न करता.

आवाज रोज एकेक बाक पुढे सरकू लागला. तो सुरू झाला, की फादर घाईघाईनं शिकवायला लागायचे, आणि ‘आमेन’ अर्ध्यावरच राहायचं. मुलांपैकी कुणी मागे वळूनसुद्धा बघायचं नाही, जणू तो आवाज एकट्या फादरांनाच ऐकू यायचा.

आज प्रार्थना संपली. सगळे बसले. पहिल्या बाकावरची मुलगी, यंदाच नव्यानं आलेली, बॅग उचलून जरा सरकली, कुणाला तरी जागा करून द्यावी तशी.

तिच्या शेजारून आवाज आला. "आ... आ..."

फादरांनी झटकन पुस्तक उघडलं. "तर काल आपण..."

"फादर," ती मुलगी हळूच म्हणाली, "आज तरी त्याला पुरं करू द्या."