आबांचा पूर

पूररेषा आखणारे साहेब फाटकातून येताना दिसले, तसं आबा खोतांनी देव्हाऱ्याजवळचं कॅलेंडर काढून भिंतीवरच्या रेघेवर टांगलं. महापुराचं पाणी कुठवर चढलं होतं, ते दाखवणारी ती रेघ त्यांनीच ऑइलपेंटनं ओढली होती. पाहुणा आला की चहाआधी त्याला ती दाखवायची, हा घरचा रिवाजच होता. पण आता घर पूररेषेत गेलं, तर परसातल्या तीन मजली इमारतीला परवानगी मिळणार नव्हती.

“पाणी पायरीला शिवून माघारी गेलं, साहेब,” आबा म्हणाले. “आत थेंब नाही.”

साहेब लिहून घेणार, इतक्यात शेजारचे मगदूम आले. इमारत झाली की पुराचं पाणी वळून आपल्या घरात शिरेल, म्हणून ते महिनाभर आबांशी भांडत होते. आज मात्र त्यांचा सूर भलताच गोड होता.

“आबा खरं तेच सांगतायत. पूर आला तो आमच्याकडं, माझ्या छातीएवढा. ह्यांच्याकडं पोरांनी कागदाच्या होड्या सोडल्या असतील, तर तेवढंच.”

आबांचा कप बशीवर आदळला. “होड्या?” ते ताडकन उठले आणि त्यांनी कॅलेंडर ओढून काढलं. “लावा टेप, साहेब. ह्याच्या छातीपेक्षा वीतभर तरी वर भरेल.”

रेघ मगदूमांच्या हनुवटीपाशी आली. साहेबांनी आकडा लिहून घेतला.

“हरलो, आबा,” मगदूम हात जोडून म्हणाले. “तुमचाच पूर मोठा.”

इतक्या आनंदानं हरलेला माणूस आबांनी आजवर पाहिला नव्हता.