खंडेनवमीचा पाट

"जीप थांबवा," फाटकावर पहाऱ्याला बसलेल्या कामगार बायकांची म्होरकी चतुराबाई म्हणाली.

जीप थांबली. कंपनीचे व्यवस्थापक धर्मराजसाहेब खाली उतरले आणि झडती देणाऱ्या माणसाच्या अंगी सहसा न आढळणाऱ्या प्रसन्नतेने बाजूला उभे राहिले. चतुराबाईने बाकाखाली पाहिले, ताडपत्री उचलली, पूजेसाठी आणलेल्या झेंडूच्या पाटीत कोपरापर्यंत हात घातला.

"आक्का, साहेबांच्या धोतराचा सोगाबी झाडून घे," पहारेकरी पुंजाराम म्हणाला.

"बघा, बराबर बघा," साहेब हसले. "जाताना यंत्राचा एक बोल्ट सापडला, तर मला फाटकाला बांधा."

"राग नका धरू, साहेब. पोटाला भेव हाये म्हणून करून राह्यलो," चतुराबाई म्हणाली.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या बियाणे कंपनीत नवरात्रभर येताजाता प्रत्येक गाडीची अशीच झडती चालली होती. कधीच न उभारलेल्या कारखान्यांच्या नावावर मुंबईच्या मुख्य कार्यालयाने लोकांकडून भांडवल गोळा केले, हे वर्तमानपत्रांत छापून आले होते. काही संचालक अटकेत होते, काही इस्पितळात. तिथे त्यांची प्रकृती अटक टळण्याइतपतच बिघडली होती. बियाणे निवडणाऱ्या बायकांना या साऱ्या अर्थशास्त्रातून एवढेच कळले होते, की पगार थांबला आहे. दसरा झाला की कोर्टाने नेमलेला अधिकारी येणार होता. तो यंत्रे पाहणार, कामगारांची नोंद घेणार; आणि कारखाना विकत घेणाऱ्याने यंत्रे आणि नोंदीतले कामगार एकत्रच घ्यावेत, असा हुकूम होता.

यंत्रे त्याआधीच हलवली जाणार, अशी अफवा होती. यंत्रे गेली तर काम गेले. म्हणून बायकांनी पाळ्या लावून फाटक धरले होते.

खंडेनवमीच्या त्या सकाळी यंत्रे धुऊन निघाली. पुरुषांनी नटबोल्टचे पाने, हातोडे, पक्कडी आणून चाळणीयंत्राच्या पायथ्याशी पाटावर मांडल्या. बायकांजवळ हत्यार नव्हते. त्यांचे काम बोटांनीच चाले. म्हणून कंपनी सुरू झाल्यापासून त्या आपले पितळी बिल्ले पूजेत ठेवीत. नेमणुकीचे पत्र कंपनीने कधी कोणाला दिले नव्हते. क्रमांक कोरलेला हा बिल्ला फाटकावर दाखवला, की बाई कामगार ठरे; दुसरा पुरावा नव्हता. पूजेतल्या वस्तूला दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही, हे कोणाला शिकवावे लागत नव्हते.

बेबीनंदाचा बिल्ला तेवढा पदराच्या गाठीत होता.

"ठेव ना, बाई," चतुराबाई म्हणाली.

"आमच्यात पूजा न्हाई, आक्का. दरसाली सांगते."

"दरसालची गोष्ट न्यारी. औंदा समद्यांचं काम टांगल्यालं हाये."

"माझा बाप छप्पन साली हे समदं सोडून आल्ता. मी कशी ठेवू?"

"नको ठेवू. मंग काम गेलं तर बायका कुणाचं नाव घेतील, ते तूच समज."

बेबीनंदाने पदराची गाठ मुठीत धरली. तिचा नवरा धान्याच्या मोंढ्यात पोती उचलताना पाठ मोडून घरी बसला होता. चूल तिच्या एकटीच्या पगारावर पेटत असे. यंत्रे जाण्याची भीती सर्वांना होती. तिला त्याखेरीज या बायकांचीही वाटू लागली.

धर्मराजसाहेब स्वतः ताट घेऊन पुढे आले. "सक्ती करू नका तिला. बाई, पूजेसाठी नको. सुरक्षित राहील म्हणून ठेवा. गर्दीत गाठ सुटते."

"माझी गाठ पक्की हाये, साहेब."

ताट तिच्यासमोर अंमळ तसेच राहिले. मग मागे गेले.

आरती झाली. साहेबांनी त्या वर्षी यंत्रांच्या शेडमध्येच एका कोपऱ्यात घट बसवला होता. त्यावर नवरात्राच्या माळा साचल्या होत्या. "घट मी उठवतो," ते म्हणाले. "आत गर्दी नको." दार लोटले गेले. बायका बाहेर हात जोडून उभ्या राहिल्या.

साहेब बाहेर आले तेव्हा निर्माल्याची गोणी ओढत होते. पुंजारामने ती जीपमध्ये चढवली.

"फुलं लय जड झाली की, साहेब."

"नवरात्राची ओल आहे त्यात." त्यांनी कुलूप आणि किल्ली चतुराबाईच्या हातात दिली. "तुम्हीच लावा. किल्ली तुमच्याजवळच राहू द्या."

चतुराबाईने उंबऱ्यावरूनच आत नजर टाकली. यंत्रे जागच्या जागी होती. पाटावर ताज्या झेंडूची रास होती. तिने कुलूप लावले.

फाटकावर जीप थांबवण्यासाठी तिने हात उचलला, आणि तो तसाच कपाळाला नेला. निर्माल्याला कोणी हात घालून पाहत नाही. चपला काढून बायकांनी वाट दिली.

"कुंडलिका नदीत सोडून येतो," साहेब म्हणाले.

त्या दिवशी पहाऱ्यावर बेबीनंदाच्या शेजारी कोणी बसले नाही.

दसऱ्याच्या सकाळी कुलूप उघडले. चतुराबाई एकेका यंत्रावरून हात फिरवत गेली; शेवटच्या यंत्रापाशी तिला हुंदका आवरला नाही.

"समदी हायेत गं! एक बोल्टबी गेला न्हाई!" तिने बेबीनंदाला जवळ ओढले. "उगं तोंड टाकलं तुझ्यावर. उद्या येऊ दे कोर्टाचा माणूस. वाचलो बाई."

मग ती पाटापाशी बसली आणि झेंडूची रास दोन्ही हातांनी बाजूला केली. पाने होते, हातोडे होते, पक्कडी होत्या. पाटाच्या उरलेल्या भागावर सांडलेल्या कुंकवात बिल्ल्यांएवढे गोल कोरे ठसे होते, ओळीने.

मग एकेक करून साऱ्या बायका वळल्या, आणि बेबीनंदाच्या पदराच्या गाठीकडे पाहू लागल्या.