साक्षीची गरज उरली नाही

"मिटलं बरं का, काकू," वकीलबाई कोर्टाच्या दालनातून बाहेर येत म्हणाल्या. चेहरा शेवटचा पेपर देऊन आलेल्या मुलीसारखा. "आता साक्ष द्यायला नको. तुमचा त्रास वाचला."

आई बाकावरून उठली नाही. "काय मिटलं?"

"भांडण. दोन्ही कंपन्यांची तडजोड झाली. व्हिडिओ लहान करून पाठवायची ती पद्धत आता दोघीही वापरणार. पेटंट दोघींचं."

"आणि माझ्या मुलीचं नाव?"

वकीलबाईंनी फाइल या काखेतून त्या काखेत घेतली.

"ते काम तिचं, आणि पेटंटवर मात्र तिच्या साहेबांचं नाव, हे मला कुणी सांगितलं?" आई म्हणाली. "तुम्ही. माझ्या घरी येऊन. ती गेली, मी गप्प बसले होते. तुम्ही येऊन खपली काढलीत."

"तेव्हा ते खरंच होतं, काकू."

"आणि आता?"

"आताही आहे. पण नाव चुकलंय असं ठरलं तर पेटंटच रद्द होतं. तेव्हा ते समोरच्यांचं होतं, रद्द झालेलं आम्हाला हवंच होतं. आता अर्धं आमचं आहे."

"म्हणजे काल मी हवी होते, आणि आज मी घरी जायचं."

"करारात कलमच आहे तसं. शोध कुणाचा, यावर कुठल्याच बाजूने बोलायचं नाही."

"मी कुठल्या बाजूची?"

"तुम्ही साक्षीदार."

"मग मी कुठे कबूल केलंय?"

मुलगी परगावी नोकरीला होती तेव्हा रोज रात्री व्हिडिओ फोनवर बोलायची. लाइन इतकी रडकी की आईचा चेहरा धड दिसायचाच नाही. नुसते ठोकळे दिसतात गं तुझे, म्हणून ती वैतागायची. मग एकदा सुट्टीत आली ती डोक्यात काहीतरी घेऊनच. आईला जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि म्हणाली, "तुझ्यामागची भिंत हलते का? कपाट हलतं? मग ते सारखं सारखं कशाला पाठवायचं? जे हलतं तेवढंच पाठवायचं. आणि ते पुढे कुठे जाणार, हे पलीकडच्या यंत्राने आधीच ताडायचं."

"माझं काय हलतं?"

"तोंड. ते काही थांबत नाही."

दोघी किती हसल्या होत्या. त्याच आठवड्यात तिचे साहेब कामासाठी गावात होते, ते घरी जेवायला आले होते. मुलीने ताटं बाजूला सारून त्यांनाही सगळं समजावलं. मीठदाणी म्हणजे भिंत, चमचा म्हणजे तोंड. साहेब म्हणाले होते, "चांगलं डोकं चालवलंस. करून बघ." आई पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच उभी होती.

दालनाचं दार उघडलं आणि तेच साहेब बाहेर आले. केस पांढरे झाले होते. वकीलबाईंच्या कंपनीच्या माणसाच्या खांद्यावर हात टाकून ते कशालातरी हसत होते. आईला पाहून त्यांनी हात काढून घेतला. तो माणूस घड्याळ बघत जिना उतरून गेला.

"मावशी, ओळखलंत ना?"

"न ओळखायला काय झालं? दोनदा वाढून घेतलं होतंत."

साहेब हसले, मग हसायचे थांबले. "तिला आम्ही विसरलेलो नाही, मावशी. नव्या इमारतीतल्या सभागृहाला तिचं नाव द्यायचं ठरवलंय."

"सभागृह तिने नव्हतं बांधलं."

"तुमचा राग मला कळतो."

"कळला असता तर समोर आला नसतात."

आई उठली आणि साहेब आणि वकीलबाईंच्या मधून सरळ दालनात शिरली. न्यायाधीशांची खुर्ची रिकामी होती. साक्षी टिपून घेणारा कारकून तेवढा आपलं यंत्र आवरत होता. ती पायऱ्या चढून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली. तिने कठडा घट्ट धरला.

वकीलबाई धावत आल्या. "काकू, अहो, खाली उतरा. न्यायाधीश गेले."

"जाऊ देत."

"आजी, यंत्र बंद केलंय मी," कारकून म्हणाला. "आता बोललात तरी कशात काही यायचं नाही."

हे ऐकून दारातल्या साहेबांचे खांदे सैल पडले. ते आत आले आणि वकीलबाईंना हळूच म्हणाले, "बोलू द्या त्यांना. मन मोकळं होईल."

"मला बोलायचं नाही," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण रिकाम्या दालनात तो भिंतीपर्यंत गेला. "मला ऐकायचंय. न्यायाधीश नाहीत. यंत्र बंद आहे. तुमच्या कराराला धक्का लागायचा नाही, पेटंटलाही नाही. मी कुणाला सांगितलं तरी म्हातारी बरळते म्हणतील. तेव्हा आता सांगा. माझ्या टेबलाशी बसून ते तुम्हाला कुणी समजावलं होतं?"

वायर गुंडाळता गुंडाळता कारकुनाचा हात थांबला.

"एकदाच सांगा. तिचं नाव घेऊन सांगा. मी उतरते आणि घरी जाते."

साहेबांनी बोलायला तोंड उघडलं. मग ते तसेच थांबले आणि मान वळवून, यंत्राचा दिवा खरंच विझलाय का, ते त्यांनी वाकून पाहिलं.